कॉफीच्या यंत्रात पाणी अडतं कुठे?

ओट्यावरचं कॉफीचं यंत्र एखाद्या सकाळी रुसतं, तेव्हा ते बहुधा पूर्ण बंद पडलेलं नसतं. दिवा लागतो, बटण दाबलं की आतून घरघर ऐकू येते, मागची टाकी काठोकाठ भरलेली दिसते. फक्त खाली ठेवलेल्या कपात पाण्याचा थेंब उतरत नाही. घरगुती कॉफी यंत्रांची ही नेहमीची तक्रार, आणि तिला उत्तरही नेहमीचंच मिळतं: आता नवीनच घ्या. यंत्रात पाणी कुठून कुठे जातं आणि त्याला पुढे कोण ढकलतं, हे पाहायची तसदी फार थोडे लोक घेतात. ती घेतली तर कळतं, की बिघाड बहुतेकदा बोटभर लांबीच्या नळीत किंवा इवल्याशा झडपेत असतो. ती नळी आणि ती झडप तिथे का आली, याला मात्र सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

कॉफीचं यंत्र बनवणाऱ्या प्रत्येकापुढे प्रश्न एकच होता. गरम पाणी भुकटीच्या थरातून पार कसं करायचं? कुणी वाफेचा दाब वापरला, कुणी हाताचा जोर, कुणी बुडबुडे, तर कुणी विजेवर थरथरणारा पंप. प्रत्येक उपायाबरोबर पाणी अडायची एक नवी जागाही तयार झाली. म्हणून आजच्या यंत्राचा बिघाड शोधायचा, तर आधी ते कोणत्या घराण्यातलं आहे हे ओळखावं लागतं.

यातलं सगळ्यात जुनं घराणं वाफेचं. इटलीतल्या तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो नावाचा हॉटेलवाला होता. घराणं मद्याच्या आणि चॉकलेटच्या धंद्यातलं, स्वतःचं हॉटेल आणि बार शहराच्या गजबजलेल्या भागात. कॉफीला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक थांबत नाही, ही त्याची रोजची अडचण. १८८४ साली तुरीनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात त्यानं वाफेवर चालणारं यंत्र मांडलं आणि त्याच वर्षी १६ मे रोजी त्याचं पेटंट घेतलं. मोठ्या बॉयलरमधलं पाणी वाफेच्या दाबानं कॉफीच्या जाड थरातून जायचं आणि एकाच वेळी पुष्कळ कप कॉफी तयार व्हायची. मोरिओंदोला त्यासाठी पदक मिळालं, पण हे यंत्र बाजारात आणायच्या फंदात तो पडला नाही.

ते काम मिलानच्या लुईजी बेझ्झेरानं पुढे नेलं. १९०१ साली त्यानं पेटंटासाठी अर्ज केलेल्या यंत्रात प्रत्येक कपाची कॉफी वेगळी, गिऱ्हाइकासमोर निघत होती. दांडा असलेली छोटी चाळणी यंत्राला खालून अडकवायची, तिच्यात एका कपापुरती भुकटी. आजही एस्प्रेसोच्या यंत्रांवर हाच दांडा आणि हीच चाळणी दिसते. देसिदेरिओ पावोनीनं बेझ्झेराचे हक्क विकत घेतले आणि १९०६च्या मिलान प्रदर्शनात ही यंत्रं लोकांनी पाहिली. पितळेचा उभा, उंच बॉयलर, खाली गॅसची ज्योत, बाजूला तोट्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे रूप अनोळखी वाटू नये. लग्नाच्या स्वागत समारंभात, मंडपाच्या कडेला, सिलिंडर जोडलेलं चकचकीत यंत्र आणि त्याच्या तोटीतून फुसफुसत निघणारी वाफ आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहे. त्या ‘एस्प्रेसो’मध्ये पाणी भुकटीतून जात नाही, वाफ दुधात सोडून फेस आणतात आणि वरून कॉफीची पूड भुरभुरतात. पण बॉयलर, ज्योत, वाफेची तोटी ही मांडणी बेझ्झेरा-पावोनीच्या काळातली आहे. त्या वाफेच्या यंत्राची एक शाखा आपल्या लग्नमंडपात इतकी वर्षं टिकून राहिली.

वाफेच्या यंत्रांचा दाब जेमतेम दीड बार असायचा आणि पाणी फार तापायचं, त्यामुळे कॉफी करपट, कडू लागे. त्याहून चिवट अडचण बॉयलरच्या आत तयार होत होती. जड पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा थर, उरतो. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे, पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. म्हणून थर नेमका तिथेच बसतो जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो. गिझरच्या कॉइलवर बसणारी पांढरी खपली ती हीच. आज कॉफीच्या यंत्रातून पाणी न येण्यामागे सर्वाधिक वेळा हाच क्षार सापडतो.

जुन्या बॉयलरवर मात्र झाकण होतं आणि त्याला बोल्ट होते. पाना घेऊन ते उघडता येत होतं, आत हात घालून थर खरवडता येत होता. बार चालवणाऱ्याला हे काम करता यायचं, कारण ते केल्याशिवाय धंदा चालत नव्हता.

वाफेची सद्दी मोडली ती मिलानच्याच आकिले गाज्जियानं. त्याच्या घरचा बार होता आणि करपट कॉफीची तक्रार तो रोज ऐकत होता. १९३८ साली त्यानं वाफेविना चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मध्ये महायुद्ध आलं. युद्धानंतर लगेचच त्याचं दांडीचं यंत्र बाजारात उतरलं. दांडी खाली ओढली की आतली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्याखालच्या नळकांड्यात बॉयलरमधलं पाणी शिरतं. दांडी सोडली की स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटते आणि पाणी आठ-नऊ बार दाबानं भुकटीतून जातं. वाफेच्या यंत्राच्या कितीतरी पट हा दाब. त्या दाबानं कॉफीवर तांबूस सायीसारखा फेस आला, जो तोपर्यंत कुणी पाहिला नव्हता. गिऱ्हाइकांना तो आधी खपेना, पुढे त्याच्यावाचून एस्प्रेसो ही एस्प्रेसोच मानली जाईना.

या घराण्याचा आजार वेगळा. दट्ट्याभोवतीचे रबरी वायसर झिजले की पाणी खाली भुकटीत जाण्याऐवजी दट्ट्याच्या वर चढतं. दांडी हलकी लागते, कप कोरडा राहतो. इलाज सोपा आणि आजही तोच: दट्ट्या बाहेर काढायचा, वायसर बदलायचे, खाद्यपदार्थांना चालणारं ग्रीस लावून परत बसवायचं. त्या काळातली कितीतरी दांडीची यंत्रं आजही चालू आहेत, कारण त्यांत बिघडणारा भाग स्वस्त आहे आणि तो डोळ्यांना दिसतो.

१९६१ साली फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेंतेनं दांडीही काढून टाकली. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. त्यावरून यंत्राला नाव मिळालं ई-६१. त्यात विजेची मोटर फिरता पंप चालवायची आणि नळाचं पाणी सुमारे नऊ बार दाबानं पुढे जायचं. माणसाच्या दंडाची गरज संपली. पण मोटर आणि पंपाचं हे जोडकाम जड होतं, मोठं होतं, नळाला जोडलेलं होतं. ते हॉटेलात शोभलं, घरच्या ओट्यावर आणणं अवघडच होतं.

घरात तोवर दुसरेच उपाय नांदत होते. इटलीत आल्फोन्सो बियालेत्तीनं १९३३ साली अल्युमिनियमचं अष्टकोनी मोका भांडं काढलं. खाली पाणी, मध्ये भुकटी, वर कॉफी. खालच्या कप्प्यातली हवा आणि वाफ फुगते आणि पाण्याला नळीतून वर रेटते. यात पाणी वर चढलं नाही तर कारणं मोजकीच: रबराची चकती कडक झाली आहे, आटे नीट बसलेले नाहीत, किंवा चाळणीची भोकं बुजली आहेत. खालच्या कप्प्यावरची छोटी पितळी झडप तेवढी दर वेळी पाहायला हवी. ती क्षारानं जाम झाली तर दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि तिथे प्रश्न कॉफीचा न राहता जिवाचा होतो.

जर्मनीत वाट आणखी निराळी निघाली. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कपातला चोथा नकोसा झाला होता. तिनं पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत ठेवला आणि वरून गरम पाणी ओतलं. १९०८ साली तिनं या कल्पनेची रीतसर नोंदणी केली आणि त्याच वर्षी कंपनी काढली. यात दाब नव्हता, पंप नव्हता. पाणी आपल्या वजनानं खाली उतरत होतं. फक्त ते वरून कुणीतरी ओतावं लागायचं. ते ओतायचं काम विजेकडे गेलं १९५४ साली, पश्चिम जर्मनीतल्या गॉटलोब विडमान यांच्या विगोमॅट यंत्रात. अमेरिकेत त्याच पद्धतीचं मिस्टर कॉफी हे यंत्र १९७२ साली आलं. क्लीव्हलंडच्या व्हिन्सेंट मरोटा आणि सॅम्युअल ग्लेझर यांची ही कंपनी. बेसबॉलपटू जो डिमॅजिओ टीव्हीवर तिची जाहिरात करायचा. कॉफी पुन्हा पुन्हा उकळणारी जुनी परकोलेटर भांडी त्यानंतर अमेरिकी घरांतून झपाट्यानं मागे पडली.

घराघरांत दिसणारं साधं ठिबक यंत्र या घराण्यातलं. त्याचं बूड उघडून पाहण्यासारखं असतं. अर्थात प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर. आत मोटर नसते, पंप नसतो. घोड्याच्या नालेसारखी वळवलेली अल्युमिनियमची नळी असते आणि तिला चिकटलेलं तापणारं कॉइल. तेच कॉइल वरचं काचपात्र गरम ठेवतं. टाकीतलं पाणी रबरी नळीतून खाली येतं आणि एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपेतून अल्युमिनियमच्या नळीत शिरतं. तिथे ते उकळतं, बुडबुडे होतात, आणि ते बुडबुडे पाण्याचा एकेक घोट वर उचलून भुकटीवर टाकतात. झडप मिटलेली असल्यानं पाणी टाकीकडे परत जाऊ शकत नाही. शेवटी येणारा खळखळाट म्हणजे नळीत पाण्यापेक्षा वाफ जास्त झाल्याची खूण.

एवढी वाट समजली की बिघाडाची यादीही आपोआप तयार होते. टाकीत बुडबुडे उसळत असतील आणि पाणी वर चढत नसेल, तर झडप उघडी अडकली आहे. क्षाराचा एखादा कण तिच्यात बसलेला असतो. यंत्र तापतं, दोन-चार थेंब येतात आणि थांबतं, तर नळीत थर इतका जाड आहे की उष्णता पाण्यापर्यंत पोचण्याआधी थर्मोस्टॅट वीज तोडतो. यंत्र तापतच नसेल, तर कॉइल किंवा थर्मल फ्यूज गेला आहे. हा फ्यूज यंत्र पेटू नये म्हणून बसवलेला असतो. तो गेला तर त्याच तापमानाचा नवा बसवावा. तार जोडून त्याला बगल देणं म्हणजे घराला आगीच्या तोंडी देणं.

क्षारावरचा इलाज किराणा दुकानात मिळतो. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चहाचे चमचे विरघळवून टाकी भरावी, निम्मं पाणी यंत्रातून जाऊ द्यावं, यंत्र बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबावं आणि मग उरलेलं सोडावं. आत आम्ल आणि चुना भेटतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि थर सुटतो. लवकर व्हावं म्हणून द्रावण फार तीव्र करू नये आणि कडकडीत गरमही करू नये. तसं केलं तर कॅल्शियमचं सायट्रेट तयार होऊन पांढरा गाळ बसतो आणि बुजलेली नळी आणखी बुजते. शेवटी साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या. काही कंपन्या अल्युमिनियमच्या भागांसाठी आपलंच औषध वापरायला सांगतात. माहितीपुस्तिकेत तसं असेल तर ते ऐकावं.

घरात खरीखुरी एस्प्रेसो आणली ती मात्र वेगळ्याच एका भागानं. १९७०च्या दशकापासून घरगुती यंत्रांत थरथरणारा पंप बसू लागला आणि त्यानं सगळा हिशेब बदलला. मुठीत मावणारा, वजनाला हलका, किमतीला स्वस्त. इटलीतल्या उल्का कंपनीचे असे पंप कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत आढळतात. बाहेरून नाव कोणतंही असो, झाकण काढल्यावर आत बहुधा हाच पाहुणा भेटतो.

त्याची रचना पाहण्याजोगी आहे. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याच्या पोटात लोखंडी दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग. वेटोळ्याला जोडलेला एक डायोड विजेच्या प्रत्येक आवर्तनाचा अर्धाच भाग आत सोडतो. वीज आली की चुंबक दट्ट्याला ओढतो, वीज गेली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे हा दट्ट्या सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो आणि दर वेळी पाण्याचा एक अगदी लहान घोट पुढे टाकतो. यंत्राच्या खोक्यावर छापलेला १५ बार दाब म्हणजे हा पंप जास्तीत जास्त किती रेटू शकतो तो आकडा. कॉफीला साधारण नऊ पुरतात. अनेक पंपांच्या लेबलवर दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद असा हिशेबही लिहिलेला असतो. पाणी येत नाही म्हणून बटण दाबून धरणारा माणूस नेमका हाच नियम मोडतो आणि अडकलेला पंप जाळून बसतो.

या पंपाचा बिघाड कानानं ओळखता येतो. पाणी ओढताना त्याचा आवाज दबका आणि जड असतो. हवा ओढताना तोच आवाज मोकळा, कर्कश होतो. दट्ट्या जाम झाला असेल तर केवळ बारीक गुणगुण ऐकू येते. काहीच आवाज नसेल तर वीज पंपापर्यंत पोचत नाही: पंपाला लावलेला तापमानाचा फ्यूज गेला, तार सुटली, किंवा टाकीतला पाण्याची पातळी सांगणारा तरंगता चुंबक अडकला.

यातला दुसरा आवाज, हवेचा, सगळ्यात जास्त वेळा फसवतो. यंत्र नवं असताना, बरेच दिवस बंद राहिल्यावर किंवा टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत चालवल्यावर पंपात हवा शिरते. विहिरीवरच्या मोटारीचं जे होतं तेच इथे होतं: पाइपात हवा राहिली तर मोटर फिरत राहते आणि पाणी उचलत नाही. शेतकरी पाइपात वरून पाणी ओतून हवा काढतो. कॉफीच्या यंत्रातही हवेला बाहेर पडायला मोकळी वाट द्यावी लागते. टाकी काढून, भरून, घट्ट बसवावी, कारण तिच्या तळाची स्प्रिंगची झडप पुरती दाबली गेली नाही तर पाणी खालीच येत नाही. मग वाफेची किंवा गरम पाण्याची तोटी उघडी ठेवून पंप दहा-पंधरा सेकंद चालवावा, थांबावं, पुन्हा चालवावा. तरीही जमलं नाही तर प्लग काढून, सुई नसलेल्या सिरिंजनं टाकीखालच्या नळीत थोडं पाणी दाबून भरलं, तर पंप बहुधा पाणी धरतो.

आणखी एक पारख दुरुस्तीच्या आधीच करावी. दांड्यातली कॉफी काढून नुसतं पाणी सोडून पाहावं. पाणी आलं तर यंत्र निर्दोष आहे. भुकटी फार बारीक दळली गेली किंवा फार दाबली गेली. तिथून येत नाही पण वाफेच्या तोटीतून येतं, तर कॉफीच्या तेलानं वरची जाळी बुजली आहे किंवा पाण्याची वाट उघडणारी विजेची झडप अडकली आहे. दोन्हीकडून येत नाही, तर शोध मागे पंपाकडे आणि टाकीकडे न्यावा. पाणी ज्या क्रमानं जातं त्याच्या उलट्या क्रमानं शोधत गेलं, तर अर्ध्याअधिक यंत्रांना स्क्रू ड्रायव्हर लावायचीही वेळ येत नाही.

हवेचा आणि पाण्याचा हा खेळ एका माणसानं मात्र मुद्दाम साधला. नेस्ले कंपनीतला स्विस अभियंता एरिक फाव्र १९७५ साली रोमला गेला. तिथल्या सान्त’एउस्ताकिओ कॅफेपुढे गर्दी का असते, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. तिथला कॉफी बनवणारा दांडी एकदा दाबून न थांबता पुन्हा पुन्हा चालवतो, त्यामुळे पाण्याबरोबर हवा अधिक जाते आणि फेस दाट येतो, असं त्याच्या लक्षात आलं. त्यातून कॉफी भरलेल्या बंद कुपीची कल्पना निघाली. १९७६ साली पेटंट झालं, १९८६ साली नेस्प्रेसोची विक्री सुरू झाली. अमेरिकेत जॉन सिल्वन यांच्या क्युरिग कंपनीचं कुपीचं यंत्र १९९८ साली कार्यालयांसाठी आलं आणि पुढे घरांत शिरलं.

कुपीनं कॉफी सोपी केली आणि पाण्याची वाट आणखी बारीक. कुपीला भोक पाडणारी सुई आतून पोकळ असते. तिच्यात ओल्या कॉफीचा एक कण अडकला तरी पाणी थांबतं. पिन फिरवून ती साफ करणं दोन मिनिटांचं काम आहे. पण यंत्राचं कवच आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या लपलेल्या खिट्ट्यांनी मिटवलेलं असतं, आणि काही कंपन्यांच्या यंत्रांना अंडाकृती डोक्याचे असे स्क्रू असतात, ज्यांना साधा पाना लागत नाही. मोरिओंदो-बेझ्झेराच्या बॉयलरवर झाकण आणि बोल्ट होते. शतकभरात यंत्र चांगलं झालं, पण ज्याचं यंत्र त्यालाच ते उघडता येईना.

याला पहिला जाहीर छेद नेदरलँड्समध्ये बसला. मार्टिन पोस्टमा या पत्रकार महिलेनं १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकार स्वयंसेवकांबरोबर बसून ती दुरुस्त करा, इतकी साधी रीत. आज जगभर अशी हजारो केंद्रं आहेत आणि तिथे येणाऱ्या वस्तूंत कॉफीची यंत्रं कायम वरच्या क्रमांकांवर असतात. कायदा मात्र इतका पुढे आलेला नाही. युरोपीय संघानं २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला, त्याच्या यादीत धुलाई यंत्र, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल आहेत. कॉफीचं यंत्र नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्ती हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यात घरगुती उपकरणांचा वर्ग आहे, पण माहिती द्यायची की नाही हे बरंचसं कंपन्यांच्या इच्छेवर सोडलेलं आहे.

आपल्याकडे या बाबतीत एक मोठी जमेची बाजू आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे थर्मल फ्यूज, डायोड, थर्मोस्टॅट काउंटरवर मिळतात. मिक्सरची मोटर गुंडाळणाऱ्या कारागिराला थरथरणारा पंप समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. वेटोळं, स्प्रिंग आणि झडप ही त्याच्या रोजच्या हाताखालची मंडळी आहेत. अडतं ते सुट्या भागांपाशी. पंप बाहेरून मागवावा लागतो, गॅसकेटचं नेमकं माप कुणी सांगत नाही, आणि कंपनीचं अधिकृत केंद्र यंत्र ठेवून घेऊन अदलाबदलीत सवलत देऊ करतं.

आणि पाण्याचंही पाहायला हवं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं पाणी येतं. त्यात क्षार कमी. दख्खनच्या बेसाल्टातून उपसलेलं बोअरचं आणि टँकरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. एकाच कंपनीचं एकच यंत्र म्हणून दादरला कितीतरी दिवस निर्धास्त चालतं आणि बोअरवर अवलंबून असलेल्या पुण्याच्या उपनगरात लवकर गळपटतं. बोअरच्या पाण्याच्या घरात महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूसत्त्वाची एक फेरी व्हायलाच हवी. धरणाच्या पाण्यावर ती तीन-चार महिन्यांनी पुरते.

नवं यंत्र घ्यायला जाणाऱ्यांनी किती बार, किती प्रकारची कॉफी, हे जरूर विचारावं. पण त्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: पंप सुटा मिळतो का, गॅसकेट सुटं मिळतं का, टाकीच्या तळाची झडप सुटी मिळते का. तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तेच यंत्र घ्यावं. आणि घरात पाणी न येणारं जुनं यंत्र पडलं असेल, तर ते भंगारात देण्याआधी लिंबूसत्त्वाचं पाणी आणि एक सिरिंज, एवढं तरी करून पाहावं.